शरणपूर आणि समुद्रकाठची घंटा

(मंडळ्यांतील उपदेशक व शिक्षक ह्यांजकरिता अभ्यासपाठ. वाचनास शास्त्रभाग : यहोशवा, अध्याय २०, अनुवाद २३ : १५, १६, फिलेमोनास पत्र.)



नाशिक रोडच्या स्टेशनावर उतरून शहराकडे जाणारा प्रवासी 'शरणपूर रोड' हे नाव दिवसातून किती वेळा ऐकत असेल, ह्याची गणती नाही. बसच्या पाटीवर ते लिहिलेले असते, दुकानांच्या फलकांवर असते, रिक्षावाल्याच्या तोंडी असते. परंतु त्या नावाचा अर्थ काय, हा विचार करणारे थोडेच. जो मनुष्य आपले मराठी शास्त्र उघडून यहोशवाच्या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचील, त्यास तेथे हाच शब्द आढळेल. इस्राएल लोकांनी जी सहा नगरे चुकून मनुष्यवध करणाऱ्यांच्या रक्षणासाठी वेगळी ठेविली, त्यांस आपल्या शास्त्रात 'शरणपुरे' असेच म्हटले आहे. नाशिकचे शरणपूर कोणास शरण देण्याकरिता वसले, तेथून निघालेली माणसे कोणत्या समुद्रकाठी गेली, व त्यांच्या गोष्टीवरून आज आपल्या लहान मंडळ्यांनी काय शिकावे, हे ह्या पाठात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

१. लाकडी मंदिराची गोष्ट

आरंभी एक लहानसे उदाहरण घेऊ. खेड्यांतील मंडळ्यांत आम्ही जातो तेव्हा एक गाऱ्हाणे वारंवार ऐकू येते : "पाळकसाहेब, आमचे मंदिर जुने झाले, वासे किडले, पत्रे गळतात, दगडी इमारत असती तर मंडळीस जोर आला असता." ह्या बोलण्यात थोडे तथ्य आहे व थोडा भ्रम आहे.

न्यूझीलंड देशाच्या उत्तर भागी समुद्रकाठी रसेल नावाचे लहान गाव आहे. त्याचे जुने नाव कोरोरारेका. तेथे चर्च मिशनरी सोसायटीच्या माणसांनी १८३५ साली एक साधे मंदिर बांधावयास घेतले. भिंती लाकडी फळ्यांच्या, आणि लाकूड त्या देशातील कौरी नावाच्या वृक्षाचे. त्या वर्षाच्या डिसेंबरात 'बीगल' जहाजातून चार्ल्स डार्विन तेथे उतरला होता, व त्यानेही ह्या बांधकामास वर्गणी दिली. १८३६ च्या आरंभी तेथे उपासना सुरू झाली. ती इंग्रजीत होई, तशीच तेथील मूळच्या माओरी लोकांच्या भाषेतही होई. पुढे १८४५ च्या मार्च महिन्यात त्या गावी इंग्रज व माओरी ह्यांच्यात मोठी लढाई झाली. गावातील पुष्कळ घरे जळाली, परंतु हे लाकडी मंदिर वाचले. बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा त्याच्या फळ्यांत अजून दिसतात. आज ते त्या देशातील उभ्या असलेल्या मंदिरांत सर्वांत जुने होय.

खारा वारा, पाऊस, वाळवी व आग ह्यांपुढे लाकडाचा काय टिकाव लागावा? तरी ते टिकले. लाकूड लोखंडासारखे कठीण होते म्हणून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी सडलेली फळी काढून नवी बसविली, छपराची दुरुस्ती केली, रंग दिला, दर आठवड्यास दार उघडले, म्हणून. जेथे दार उघडणारी माणसे राहत नाहीत तेथे दगडी भिंतीसुद्धा ढासळतात. हा पहिला धडा होय.

ज्या सोसायटीने ते लाकडी मंदिर उभारिले, तिनेच १८३२ साली आपल्या नाशकात काम सुरू केले होते. तेव्हा आता घरी परत येऊ.

२. नाशिकचे शरणपूर

रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी १८५४ च्या सुमारास नाशिक शहराबाहेर शरणपूर ही वसाहत वसविली. आज शहर वाढत वाढत तिच्या पलीकडे पसरले आहे. पण त्या काळी ती गावाबाहेरची जागा होती. जातीबाहेर टाकिलेले नवे ख्रिस्ती, पोरकी मुले व ज्यांस घरदार उरले नव्हते असे लोक तेथे राहू लागले. शाळा होती, अनाथाश्रम होता, आणि सुतारकी, लोहारकी इत्यादी धंदे शिकविण्याची सोय होती. कारण ज्यास आश्रय दिला त्यास आपल्या हातांनी भाकर मिळविता आली नाही, तर तो आश्रय अपुरा होय.

त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात चालला होता. गावे लुटून बायकामुलांस बांधून किनाऱ्यास आणीत, व गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे व अन्य देशी विकावयास नेत. इंग्रजी आरमाराची जहाजे समुद्रात अशी गलबते पकडीत, तेव्हा सुटलेल्या माणसांपैकी पुष्कळांस मुंबई बंदरी उतरवीत. ह्यांत लहान मुले फार. आपले गाव कोठे, आईबापांचे नाव काय, हे कित्येकांस सांगताही येत नसे. अशा मुलांकरिता शरणपुरी एक स्वतंत्र आश्रम झाला, व १८७४ पर्यंत तो चालला. ही मुले गोदावरीच्या काठी वाढली, येथे वाचावयास शिकली, येथेच रंधा व घण चालवावयास शिकली. बाहेरचे लोक त्यांस 'नाशिकची मुले' असे म्हणू लागले, आणि ह्याच नावाने त्यांचा उल्लेख आफ्रिकेच्या इतिहासात झाला आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या मुलांस कोणी नाव विचारले नव्हते, ज्यांची किंमत बाजारात कापडाच्या वारांवर ठरत असे, त्यांस 'नाशिकची मुले' म्हणावे, ही किती मोठी गोष्ट! गाव देणे, नाव देणे व हातास काम देणे, ही आश्रयाची तीन अंगे होत.

३. झाडावर कोरलेला लेख

१८६५ साली डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासास निघण्यापूर्वी मुंबई इलाख्यात आले होते. ते शरणपुरास आले, व तेथील नऊ तरुण त्यांच्यासोबत जाण्यास निघाले. ते सर्वच शेवटपर्यंत टिकले असे नाही. कित्येक वाटेत सोडून गेले. हेही सांगितले पाहिजे, कारण मिशनच्या इतिहासात केवळ यशाच्या गोष्टी सांगणे हे सत्यास धरून नाही. पुढे १८७२ साली नाशिकची आणखी काही मुले लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस रवाना झाली. त्यांत जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे दोघे होते.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले. त्यांच्या माणसांपुढे मोठा प्रश्न पडला. तेथेच पुरून निघून गेले असते तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु सूसी व चूमा ह्यांच्या पुढारीपणाने त्यांनी ठरविले की, साहेबांचे शव समुद्रापर्यंत नेऊन त्यांच्या लोकांच्या स्वाधीन करावयाचे. त्यांचे काळीज तेथेच एका मोठ्या झाडाखाली पुरिले. त्या वेळी प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचिली ती जेकब वेनराइट ह्याने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरिली तीही त्यानेच. मग शव वाळवून, झाडाच्या सालीत व कापडात गुंडाळून, रोगराई, उपासमार व वैऱ्यांची भीती सोशीत, ती माणसे दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट चालली, व १८७४ च्या फेब्रुवारीत किनाऱ्यास पोहोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात दफनविधी झाला तेव्हा शवपेटीस हात लावणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट हा एकटाच आफ्रिकी मनुष्य होता. शरणपुरात अक्षरे गिरविलेला हा हात होता.

ते झाड पुढे जीर्ण झाले. १८९९ साली ते तोडून, लेख कोरलेला खोडाचा भाग लंडनच्या भूगोल संस्थेकडे नेण्यात आला. त्याच झाडाच्या लाकडाचा एक क्रूस झांझिबार बेटावरील मुख्य मंदिरात आहे. ते मंदिर कोठे उभे आहे? ज्या ठिकाणी गुलामांचा बाजार भरत असे, नेमके त्याच ठिकाणी. सर बार्टल फ्रिअर, जे पूर्वी आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, त्यांच्या प्रयत्नाने १८७३ साली झांझिबारच्या सुलतानाशी तह झाला व तो बाजार बंद पडला. समुद्रकाठच्या त्या मंदिरात लाकडाचा एक साधा क्रूस आजही साक्ष देत आहे, आणि त्या साक्षीत नाशिकच्या एका मुलाचा वाटा आहे.

४. फ्रिअरटाउन व तिची घंटा

तहामुळे बाजार बंद झाला, तथापि प्रश्न मिटला नाही. गलबतांतून सोडविलेली माणसे ठेवावयाची कोठे? तेव्हा सोसायटीने शरणपुराच्या त्याच प्राइससाहेबांस आफ्रिकेस पाठविले. मोंबासा बेटासमोर, खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर, १८७५ साली त्यांनी एक वसाहत वसविली, व फ्रिअर ह्यांच्या नावावरून तिचे नाव फ्रिअरटाउन असे पडले. तिची माणसे कोण? मुंबई इलाख्यातून परत गेलेले शंभराहून अधिक आफ्रिकी ख्रिस्ती, आणि त्यांत पुष्कळ शरणपूरचे. विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड व इश्माएल सेमलर हे तर १८६४ सालीच मोंबासाजवळच्या राबई गावी मिशनरी रेबमन ह्यांच्या मदतीस गेले होते. शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक, अशी सर्व कामे ह्या लोकांनी सांभाळिली. एका अर्थी फ्रिअरटाउन हे समुद्रकाठचे दुसरे शरणपूर होते.

१८८० च्या दशकात तेथे इम्मानुएल नावाचे मंदिर उभे राहिले. ते आजही उपासनेत आहे. त्याहून अधिक प्रसिद्धी मात्र तेथील घंटेस मिळाली. गुलामांचे व्यापारी वसाहतीवर चालून येतील ही धास्ती नेहमी असे. तशी चाहूल लागताच घंटा वाजवून लोकांस सावध करीत. स्वाहिली भाषेत घंटेस 'केंगेले' म्हणतात, व त्या भागास अजून 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, असेच नाव आहे.

वाचकहो, आपल्या मंडळीची घंटा आपण कशासाठी वाजवितो? उपासनेची वेळ झाली म्हणून. ते योग्यच आहे. परंतु त्या समुद्रकाठी घंटेचा अर्थ असा होता की, कोणी दुर्बळ संकटात आहे, सर्वांनी धावून यावे. ज्या घंटेत हा दुसरा अर्थ नाही, ती घंटा अर्धीच वाजते असे आम्हास वाटते.

५. राबईचा कठीण प्रश्न

आता आम्ही ह्या पाठाच्या मुख्य भागी येतो. तो अवघड आहे, म्हणून शिक्षकांनी तो घाईने वाचू नये.

तहाने समुद्रावरील व्यापार व बाजार बंद केले, पण किनाऱ्यावरील शेतांत व घरांत जे दास होते ते दासच राहिले. सुलतानाच्या कायद्याने त्यांवर धन्याचा हक्क चालूच होता. अशा दासांपैकी कित्येक पळून राबईच्या वसाहतीत येऊ लागले. तेथील काम विल्यम जोन्स पाहत असत. आता काय करावे? गलबतातून सोडविलेल्यास ठेवावे हे कायद्यास मान्य होते. धन्याकडून पळालेल्यास ठेवावे हे मान्य नव्हते. सोसायटीच्या वडील लोकांचीही आज्ञा अशीच होती की पळून आलेल्यांस ठेवून घेऊ नये, कारण त्यामुळे सर्व काम धोक्यात येईल. ही भीती खोटी नव्हती. मालक लोक हत्यारे घेऊन येण्याच्या गोष्टी बोलत होते.

तरी राबईच्या आफ्रिकी ख्रिस्ती लोकांनी दार लाविले नाही. दारात उभ्या असलेल्या मनुष्याकडे पाहून त्यांस आपलेच बालपण दिसत असले पाहिजे.

ह्याच काळात, ३१ मे १८८५ रोजी, बिशप हॅनिंग्टन ह्यांनी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर ह्यांस धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेस निघाले, व जोन्स त्यांच्यासोबत होते. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी युगांडाच्या राजाच्या हुकुमाने हॅनिंग्टन ह्यांचा वध झाला. मागे तळावर राहिलेल्या माणसांस सांभाळून परत राबईस आणण्याचा भार जोन्स ह्यांजवर पडला, आणि तो त्यांनी पार पाडिला. नाशकात शिकलेल्या ह्या सेवकाचे धैर्य केवळ दार उघडण्यापुरते नव्हते, हे ह्यावरून दिसते.

१८८८ साली पळून आलेल्यांचा प्रश्न हातघाईवर आला. मिशनच्या वसाहतींत अशी सुमारे १,४०० माणसे आहेत असे दिसून आले. तेव्हा किनाऱ्याचा कारभार हाती घेतलेल्या इंग्रज कंपनीचे अधिकारी मॅकेंझी ह्यांनी मालकांस रक्कम देऊन तडजोड केली, व १ जानेवारी १८८९ रोजी त्या लोकांस मुक्ततेचे कागद देण्यात आले. रक्कम मिळाली ती मालकांस. ज्यांनी फुकट राबविले त्यांस भरपाई, व जे राबले त्यांस केवळ कागद, हा न्याय अपुराच होता. तथापि त्या दिवशी चौदाशे माणसे निर्भय झोपली. दासपणाचा कायदेशीर दर्जा त्या किनाऱ्यावर १९०७ साली रद्द झाला.

आता शास्त्राकडे पाहू. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात पळून आलेल्या दासाविषयी जी आज्ञा आहे ती शिक्षकांनी वर्गात मोठ्याने वाचावी. ती किती स्पष्ट आहे हे सर्वांच्या ध्यानात येईल. मग फिलेमोनास लिहिलेले पत्र वाचावे. तेथे पौल अनेसिमास परत पाठवितो, तेव्हा कोणी म्हणेल की, ही दोन वचने परस्परविरुद्ध आहेत. परंतु पौल त्यास कसा पाठवितो हे पाहा. दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून. त्याचे देणे असेल तर स्वतःच्या नावे मांडावयास सांगून. आणि फिलेमोनाने त्यास पौलाप्रमाणेच घरात घ्यावे अशी अट घालून. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट आहे : आश्रयास आलेल्याचे माणूसपण धन्याच्या हक्काहून मोठे होय.

६. आमची स्वतःची गोष्ट

दुसऱ्यांचे धैर्य वर्णन करणे सोपे असते. म्हणून आम्हास स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती सांगताना लाज वाटते.

काही वर्षांमागे आम्ही एका खेड्यातील मंडळीत मुक्कामास होतो. रात्र थंडीची होती. मंदिराच्या ओसरीवर एक ऊसतोडणीचे जोडपे लहान मुलासह येऊन बसले. मुकादमाकडून उचल घेतली होती, ती हंगामभर राबूनही फिटली नव्हती. हिशेब विचारला म्हणून मारहाण झाली, आणि ते रात्री पळून निघाले होते. मंडळीचे पंच जमले. एक म्हणाला, "दादा, मुकादमाची माणसे येतील, गावात वैर होईल." दुसरा म्हणाला, "ह्यांनी पैसे घेतले आहेत, हे तर खरेच." आम्ही पाळक. आमच्या शब्दाकडे सर्वांचे डोळे होते. आम्ही त्यांस भाकर दिली, घोंगडी दिली, त्यांजसाठी प्रार्थना केली, आणि पहाटेच्या एसटीत बसवून दिले. तिकिटाचे पैसेही दिले. त्या वेळी आम्हास वाटले की आपण दया केली. पुढे त्यांचे काय झाले हे आम्हास कधीच कळले नाही.

राबईची हकीकत अभ्यासताना ती ओसरी आमच्या डोळ्यांपुढे येते. आम्ही दया केली नाही. आम्ही आपले संकट दुसऱ्या गावी पाठविले.

आणि आमच्यापाशी जोन्स ह्यांच्याहून अधिक साधने होती. त्यांजविरुद्ध कायदा होता. आमच्या बाजूस कायदा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापायी माणसास बांधून राबविणे हा गुन्हा ठरला आहे, वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरले आहे, आणि अशा माणसांची सुटका व पुनर्वसन ह्यांची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर व त्यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांवर आहे. त्या रात्री आम्ही त्या कुटुंबास ठेवून घेऊन सकाळी दोन पंचांसह तहसील कचेरीत गेलो असतो, तर निदान त्यांची हकीकत कागदावर आली असती. आम्हास कायदा ठाऊक नव्हता, हे खरे. परंतु शास्त्र तर ठाऊक होते!

म्हणून मंडळ्यांस आमची अशी विनंती आहे. प्रथम, प्रत्येक मंडळीने दोन विश्वासू माणसे नेमावी, ज्यांजकडे संकटात सापडलेला मनुष्य, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, रात्री-अपरात्री येऊ शकेल. दुसरे, त्यांनी तालुक्याची कचेरी कोठे, अर्ज कसा करावा, हे आधीच विचारून ठेवावे. संकट दारात आल्यावर शोधाशोध करू नये. तिसरे, आलेल्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, तारीख घालावी. चवथे, आश्रयाच्या बदल्यात त्याजकडून धर्माविषयी काही मागू नये. यहोशवाच्या अध्यायात पाहा : शरणपुरे इस्राएल लोकांकरिता होती, तशीच त्यांच्यात राहणाऱ्या परदेशीयांकरिताही होती.

७. समाप्ती

प्राइससाहेब गेले, आश्रम बंद झाला, शरणपूर शहरात मिसळून गेले. फ्रिअरटाउनही मोंबासा शहराचा एक भाग झाली. तेथील आफ्रिकी सेवकांस गोऱ्या मिशनरींच्या बरोबरीचा मान मिळाला नाही, व ह्याविषयीचे दुःख त्यांच्या मनात राहिले, हेही आपण विसरू नये. जेकब वेनराइट १८९२ साली आफ्रिकेतच मरण पावला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात वृद्ध होऊन १९३५ साली वारला. त्यांच्या कबरींपाशी आपल्यापैकी कोणी जाणार नाही. परंतु शरणपूर रोडवरून जाताना बसच्या खिडकीतून क्षणभर त्यांची आठवण करणे, हे तर आपल्या हाती आहे.

आपल्या मंदिराचे वासे किडले असतील तर ते जरूर बदलावे. त्याच्या दाराच्या कड्या मात्र आतून फार घट्ट झाल्या नाहीत ना, हे त्याआधी पाहावे.

मनन करण्यास प्रश्न

(१) शरणपुरे कोणाकरिता नेमिली होती? त्यांत परदेशीयांस स्थान का होते?

(२) आश्रयाची तीन अंगे कोणती? आपल्या मंडळीत त्यांपैकी कोणते उणे आहे?

(३) राबईच्या ख्रिस्ती लोकांनी वडिलांची आज्ञा मोडली. तुमच्या मते त्यांनी योग्य केले काय? शास्त्राच्या आधारे उत्तर द्या.

(४) आमच्या जागी त्या रात्री तुम्ही असता, तर काय केले असते? उत्तर देण्याची घाई करू नका.